पहिल्या फेरीतले फसलेले टॅकल: दोष नेमका कुणाचा?

१९८९च्या एप्रिलमध्ये न्यू यॉर्कला एनएफएलचा ड्राफ्ट झाला. त्यात पहिल्या पाच क्रमांकांवर पुकारलेल्या नावांपैकी चार आज अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत: डॅलसने घेतलेला क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन, डेट्रॉइटचा रनिंग बॅक बॅरी सँडर्स, कॅन्सस सिटीचा लाइनबॅकर डेरिक थॉमस आणि अटलांटाचा कॉर्नरबॅक डिऑन सँडर्स. पाचवे नाव होते टोनी मँडरिच. बॅरी सँडर्स समोर असताना ग्रीन बे पॅकर्सनी दुसऱ्या क्रमांकावर त्याला उचलले होते.

मिशिगन स्टेट विद्यापीठाचा हा टॅकल वजनाने तीनशे पाउंडांच्या वर होता आणि तरी ४० यार्ड ४.६५ सेकंदांत धावल्याची त्याची नोंद होती. ड्राफ्टच्या आठवड्यात 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'ने त्याचा उघड्या अंगाचा फोटो मुखपृष्ठावर छापला. करारासाठी तो बराच काळ अडून बसला आणि शेवटी चार वर्षांचे ४४ लाख डॉलर पदरात पाडून घेतले. पुढे तीन हंगाम तो मैदानात कुठेच ठसला नाही, चौथ्या वर्षी खेळलाच नाही. १९९२मध्ये त्याच साप्ताहिकाने त्याला पुन्हा मुखपृष्ठावर आणले, या वेळी त्याच्या फजितीची कहाणी सांगण्यासाठी. कॉलेजात स्टेरॉइड घेतल्याची आणि नंतर दारू व वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेल्याची कबुली मँडरिचने २००८मध्ये दिली.

तेव्हापासून पहिल्या फेरीत निवडलेला कोणताही लाइनमन अडखळला की मँडरिचची आठवण निघते. वास्तविक तो फार वेगळा नमुना होता. व्यसनातून बाहेर पडून १९९६ ते १९९८ असे तीन हंगाम तो इंडियानापोलिस कोल्ट्सकडून खेळला, ही त्याची दुसरी बाजूही सहसा सांगितली जात नाही. फसलेल्या निवडींची यादी दर वर्षी कुठे ना कुठे छापून येते. त्या यादीत गुडघा मोडलेला, चुकीच्या जागी उभा केलेला, शिकवलाच न गेलेला आणि खरोखर न झेपलेला असे सगळे खेळाडू एकाच रांगेत बसवलेले असतात. ही रांग मोडून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र मांडला, तर दोषाचा मोठा वाटा खेळाडूऐवजी क्लबांकडे जातो.

पाच जणांची फळी

ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची वाटणी. आयपीएलच्या लिलावात ज्याची थैली मोठी त्याला खेळाडू मिळतो. एनएफएलमध्ये पाळी महत्त्वाची. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला पहिली निवड, विजेत्याला फेरीतली शेवटची. संघ बत्तीस, फेऱ्या सात. पहिल्या फेरीची निवड वर्षातून साधारण एकदाच वाट्याला येते, म्हणून ती वाया गेली की क्लबची दोन-तीन वर्षे मागे जातात.

ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये पाच जण असतात. मध्यभागी चेंडू मागे देणारा सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला दोन टॅकल. गार्डला दोन्हीकडून शेजारी असतो. त्याची लढाई अरुंद जागेत होते आणि चूक झाली तर सावरायला कुणीतरी असते. टॅकल कडेला बहुतेक वेळा एकटा असतो. समोरचा पास रशर क्वार्टरबॅकला पाडायला धावत येतो, हा मागे सरकत सरकत त्याला अडवतो. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असल्यामुळे डाव्या टॅकलला अनेक दशके सर्वाधिक मान आणि मोबदला मिळत आला. आता उजवी बाजूही तितकीच धोक्याची झाली आहे. पन्नासाव्या सुपर बोलमध्ये डेन्व्हरच्या व्हॉन मिलरने कॅरोलायनाच्या उजव्या टॅकलला चकवून कॅम न्यूटनच्या हातातला चेंडू उडवला, आणि तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या पाच जणांच्या नावावर धावा लागत नाहीत, झेल लागत नाहीत, गोलही नाहीत. क्वार्टरबॅक पाडला गेला, म्हणजे सॅक झाला, तर दोष टॅकलचा की चेंडू फार वेळ हातात धरून बसलेल्या क्वार्टरबॅकचा, हे चित्रफीत पाहून कुणीतरी ठरवायचे. साठपैकी सत्तावन्न वेळा नीट अडवणारा टॅकल उरलेल्या तीन वेळांमुळे बदनाम होतो. त्यामुळे लाइनमनवरचा निकाल बहुधा आठवणीत राहिलेल्या दृश्यांवर लागतो.

फसण्याचे चार प्रकार

पहिला प्रकार शरीराचा. ॲरिझोना कार्डिनल्सनी २०१३मध्ये सातव्या क्रमांकावर घेतलेला गार्ड जॉनथन कूपर पहिल्या हंगामाच्या तोंडावरच सराव सामन्यात पाय मोडून बसला. तीन वर्षांनी क्लबने त्याला न्यू इंग्लंडकडे देऊन बदल्यात चँडलर जोन्स आणला. ग्रीन बेने २०११च्या पहिल्या फेरीत शेवटच्या क्रमांकावर घेतलेल्या डेरेक शेरॉडचा पाय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मोडला आणि त्याची कारकीर्द पुन्हा उभी राहिली नाही. अशा वेळी निवड फसली म्हणणे खरे, पण निवडणाऱ्यांना तो धोका आधी दिसण्याजोगा होता का, हा प्रश्न वेगळा. शिकागो बेअर्सनी २००८मध्ये चौदाव्या क्रमांकावर घेतलेल्या क्रिस विल्यम्सच्या पाठीचे दुखणे क्लबला आधीपासून माहीत होते. तिथे जबाबदारी क्लबची ठरते, कूपरच्या बाबतीत तशी ठरत नाही.

दुसरा प्रकार मनाचा आणि शिस्तीचा. टेनेसी टायटन्सनी २०२०मध्ये एकोणतिसाव्या क्रमांकावर जॉर्जिया विद्यापीठाच्या आयझया विल्सनला घेतले. साडेतीनशे पाउंडांचा हा टॅकल टायटन्सकडून सगळा मिळून चार खेळी मैदानात होता. शिस्तभंगाची प्रकरणे वाढत गेली, क्लबने मार्च २०२१मध्ये त्याला मायामीकडे पाठवले आणि मायामीनेही काही दिवसांतच सोडून दिले. पहिल्या फेरीतला लाइनमन इतक्या लवकर संपल्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

तिसरा प्रकार जागेचा, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते.

आयोवाचा रॉबर्ट गॅलरी २००४मध्ये दुसऱ्या क्रमांकावर ओकलंड रेडर्सकडे गेला. कॉलेजातल्या सर्वोत्तम लाइनमनला मिळणारी आउटलँड ट्रॉफी त्याच्याकडे होती आणि दहा वर्षांचा डावा टॅकल मिळाला असा सर्वांचा समज होता. त्याच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर लॅरी फिट्झजेराल्ड आणि चौथ्यावर फिलिप रिव्हर्स गेले, त्यामुळे गॅलरीवरचा राग अधिकच तीव्र झाला. २००६मध्ये रेडर्सचे क्वार्टरबॅक ७२ वेळा पाडले गेले आणि संघाने सोळापैकी दोनच सामने जिंकले. पुढच्या वर्षी गॅलरीला डाव्या गार्डच्या जागी हलवले. तिथे तो काही वर्षे भरवशाचा, चांगला खेळाडू ठरला.

न्यू यॉर्क जायंट्सनी २०१५मध्ये नवव्या क्रमांकावर घेतलेल्या एरिक फ्लॉवर्सची वाटही तीच. टॅकल म्हणून तो इतका झोडपला गेला की चौथ्या हंगामात क्लबने त्याला सोडले. २०१९मध्ये वॉशिंग्टनने त्याला गार्डच्या जागी उभे केले, लाइनचे प्रशिक्षक बिल कॅलहॅन यांनी त्याच्यावर मेहनत घेतली, आणि पुढच्या वर्षी मायामीने त्याला तीन वर्षांसाठी तीन कोटी डॉलर देऊ केले.

मेकाई बेक्टनची गोष्ट त्याहून बोलकी आहे. २०२०मध्ये अकराव्या क्रमांकावर न्यू यॉर्क जेट्सनी त्याला घेतले तेव्हा ३६० पाउंडांच्या वर वजन असलेला हा मुलगा ४० यार्ड जेमतेम ५.१ सेकंदांत धावला होता. गुडघ्याच्या दुखापतींनी त्याचे जवळजवळ दोन हंगाम खाल्ले आणि जेट्सनी आशा सोडली. २०२४मध्ये तो फिलाडेल्फियाला आला. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड यांनी त्याला उजव्या गार्डच्या जागी बसवले, आणि त्या हंगामाच्या शेवटी ईगल्सनी कॅन्सस सिटीचा ४०-२२ असा पराभव करून सुपर बोल जिंकला तेव्हा बेक्टन त्या लाइनमध्ये सुरुवातीपासून होता.

चौथा प्रकार शिक्षणाचा: जे कॉलेजात शिकवलेच नाही ते एनएफएलमध्ये पहिल्याच वर्षी मागितले जाते. त्याचे सर्वांत महागडे उदाहरण रॅम्सचे.

रॅम्सचा डावा टॅकल

सेंट लुइस रॅम्सनी १९९७मध्ये अगदी पहिल्या क्रमांकावर ओहायो स्टेटच्या ऑर्लँडो पेसला घेतले. तो हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि त्याच्या काळात संघाने सुपर बोल जिंकला. पेसनंतर कोण, या प्रश्नाने मात्र क्लबला पुरते सतावले. २००५मध्ये एकोणिसाव्या क्रमांकावर ॲलेक्स बॅरन आला. दंड ओढवून घेण्यासाठीच तो लक्षात राहिला. २००९मध्ये दुसऱ्या क्रमांकावर बेलर विद्यापीठाचा जेसन स्मिथ आला. मूळचा टाइट एंड (लाइनच्या कडेला राहून चेंडूही झेलणारा) असलेला स्मिथ टॅकल म्हणून अजून शिकत होता. त्याला डोक्याला मार बसण्याचे प्रसंग आले, त्याची जागा बदलत राहिली आणि चौथ्या हंगामाआधी रॅम्सनी त्याला जेट्सना देऊन टाकले. नवोदितांच्या वेतनावर तेव्हा आजइतकी कडक मर्यादा नव्हती. स्मिथच्या करारात तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम हमीची होती.

पाच वर्षांनी पुन्हा दुसरा क्रमांक, पुन्हा टॅकल. ही निवड वॉशिंग्टनकडून आली होती. २०१२मध्ये क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिन तिसरा याच्यासाठी वॉशिंग्टनने रॅम्सना पहिल्या फेरीच्या तीन निवडी आणि शिवाय दुसऱ्या फेरीची एक दिली होती; त्यांतली शेवटची २०१४ची. रॅम्सनी ऑबर्नचा ग्रेग रॉबिन्सन निवडला. ३३२ पाउंड वजन आणि ४० यार्ड ४.९२ सेकंदांत. पण ऑबर्नचा संघ धावून खेळणारा. आदल्या हंगामात देशात सर्वाधिक यार्ड त्यांनीच धावून काढले होते. लाइनमनने पुढे झेपावून समोरच्याला उखडायचे, हे तिथले काम. मागे सरकत, पावले मोजत, हात योग्य क्षणी सोडत क्वार्टरबॅकला वाचवणे ही वेगळी विद्या आहे आणि रॉबिन्सनकडे ती फारशी नव्हती. रॅम्सनी ती त्याला शिकवायची होती. तीन हंगामांत ते जमले नाही. २०१७च्या उन्हाळ्यात सहाव्या फेरीच्या एका निवडीवर तो डेट्रॉइटला गेला.

त्याच वर्षी रॅम्सनी पस्तीस वर्षांच्या अँड्र्यू व्हिटवर्थला मोकळ्या बाजारातून आणून डाव्या टॅकलच्या जागी उभे केले, आणि इथे सिनसिनाटी बेंगल्सची कथा येऊन मिळते. व्हिटवर्थ २००६पासून बेंगल्सचा. तो म्हातारा होणार हे ओळखून बेंगल्सनी २०१५च्या पहिल्या फेरीत एकविसाव्या क्रमांकावर टेक्सस ए अँड एमचा सेड्रिक ओग्बुएही घेतला आणि दुसऱ्या फेरीत आणखी एक टॅकल. ओग्बुएहीच्या गुडघ्याचा अस्थिबंध कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात तुटला होता. दोन वर्षांनी त्याच्या भरवशावर बेंगल्सनी व्हिटवर्थला जाऊ दिले. तो भरवसा फळाला आला नाही आणि बेंगल्सची लाइन पुढे अनेक वर्षे गळकीच राहिली.

फेब्रुवारी २०२२मध्ये छप्पन्नाव्या सुपर बोलला हेच दोन संघ समोरासमोर आले. चाळीस वर्षांचा व्हिटवर्थ रॅम्सच्या बाजूने डावी कड सांभाळत होता. बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो नियमित हंगामात ५१ वेळा पाडला गेला होता. त्या एका सामन्यात आणखी सात वेळा. सामना २३-२० असा संपला तो बरोवर रॅम्सच्या ॲरन डोनल्डने झडप घातली तेव्हा. हा डोनल्ड रॅम्सनी २०१४च्याच पहिल्या फेरीत, रॉबिन्सननंतर अकरा जागांनी, तेराव्या क्रमांकावर घेतला होता. एकाच संध्याकाळी एकाच क्लबने एक मोठी चूक आणि एक अतिशय मोठी निवड केली. खेळाडू ओळखणाऱ्यांची नजर तीच, कागदपत्रे तीच. हातात आलेल्या मुलाला काय आधीच येत होते आणि काय शिकवावे लागणार होते, हा फरक दोघांमध्ये होता.

२०१३: तीन टॅकल, तीन निकाल

एखाद्या वर्षाच्या निवडी शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. २०१३मध्ये पहिल्या चार नावांत तीन टॅकल होते. कॅन्सस सिटीने पहिल्या क्रमांकावर सेंट्रल मिशिगनचा एरिक फिशर घेतला, जॅक्सनव्हिलने दुसऱ्यावर टेक्सस ए अँड एमचा ल्यूक जोकल, फिलाडेल्फियाने चौथ्यावर ओक्लाहोमाचा लेन जॉन्सन.

तिघांत कसलेला मानला जात होता तो जोकल. जॅक्सनव्हिलकडे डावीकडे युजीन मन्रो होता, म्हणून जोकलला उजवीकडे ठेवले. हंगाम सुरू असतानाच मन्रोला बाल्टिमोरकडे दिले आणि जोकलला डावीकडे आणले. त्याच सुमारास त्याचा घोटा मोडला. पुढे तो डावीकडे रुळला नाही, मग गार्ड झाला, मग सिॲटलला गेला. जॉन्सन ज्युनियर कॉलेजात क्वार्टरबॅक होता, नंतर टाइट एंड, नंतर बचावात. टॅकल म्हणून अनुभव सर्वांत कमी त्याचाच. त्याला ईगल्सनी उजवी बाजू दिली आणि तिथून हलवले नाही. आज त्याच्या नावावर दोन सुपर बोल आहेत आणि त्याच्या पिढीतल्या सर्वोत्तम उजव्या टॅकलांत त्याची गणना होते.

फिशरवर तर पहिल्या क्रमांकाचे ओझे. सुरुवातीची दोन वर्षे त्याला वाया गेलेला म्हटले गेले. नंतर तो दोनदा प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला आणि २०१९च्या हंगामाचा सुपर बोल जिंकणाऱ्या संघात डावा टॅकल होता. त्याची खरी किंमत कळली ती तो नसताना. जानेवारी २०२१मध्ये त्याच्या टाचेची शीर तुटली, उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्‌झ आधीच जायबंदी होता, आणि दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये पॅट्रिक महोम्स संपूर्ण सामनाभर जीव घेऊन पळत राहिला. टॅम्पा बेने तो सामना ३१-९ असा जिंकला. फिशर महान खेळाडू नव्हता. पहिल्या क्रमांकाकडून लोक जी अपेक्षा धरतात ती त्याने पुरी केली नाही हेही खरे. पण ज्या जागेसाठी त्याला घेतले ती जागा त्याने सात-आठ वर्षे भरून काढली, आणि अशा निवडीला फसलेली म्हणणे चुकीचे आहे.

त्याच २०१३मध्ये न्यू ऑर्लीन्सने तिसऱ्या फेरीत आर्कान्सा-पाइन ब्लफसारख्या छोट्या कॉलेजातला टेरॉन आर्मस्टेड घेतला आणि ग्रीन बेने चौथ्या फेरीत, १०९व्या क्रमांकावर, डेव्हिड बाख्तियारी. दोघेही पुढे आपल्या काळातल्या उत्तम डाव्या टॅकलांत मोजले गेले.

घाईचे निकाल

डेन्व्हर ब्राँकोजनी २०१७मध्ये विसाव्या क्रमांकावर घेतलेला गॅरेट बोल्स तीन वर्षे होल्डिंगच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याच्या, दंडांसाठी कुप्रसिद्ध होता. घरच्या प्रेक्षकांनीही त्याची हुर्यो उडवली. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या चार वर्षांच्या कराराला पाचवे वर्ष जोडण्याचा हक्क क्लबला असतो. मे २०२०मध्ये ब्राँकोजनी तो नाकारला. त्याच हंगामात बोल्स दुसऱ्या ऑल-प्रो (म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तमांच्या) संघात आला आणि नोव्हेंबरमध्ये क्लबने त्याला चार वर्षांचा ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला. क्लबचा स्वतःचा निकाल सहा महिन्यांत उलटला.

रेडर्सचा कोल्टन मिलर पहिल्या वर्षी गुडघ्याच्या दुखापतीसह खेळत राहिला आणि वारंवार हरला. पुढे तोच संघाचा आधार झाला. जायंट्सचा अँड्र्यू थॉमस २०२०च्या चार नावाजलेल्या टॅकलांत सर्वांत आधी, चौथ्या क्रमांकावर गेला आणि पहिल्या वर्षी चौघांत सर्वांत वाईट ठरला. दोन वर्षांनी तो दुसऱ्या ऑल-प्रो संघात होता.

या तिघांकडे पाहिले तर किमान तीन हंगाम थांबणे भाग आहे असे दिसते. लाइनमनची ताकद आणि तंत्र तेविसाव्या-चोविसाव्या वर्षानंतर पक्के होत जाते. मात्र थांबण्याची मुभा सर्वांना मिळत नाही. रेडर्सनी २०२१मध्ये सतराव्या क्रमांकावर अलाबामाच्या ॲलेक्स लेदरवूडला घेतले. त्याच्याकडेही आउटलँड ट्रॉफी होती. चार सामन्यांनंतर त्याला टॅकलवरून गार्डवर हलवले, हंगाम सुरू असतानाच मुख्य प्रशिक्षक गेले, पुढच्या वर्षी नवे व्यवस्थापन आले आणि दुसऱ्या हंगामाआधीच त्याला सोडून दिले. ज्यांनी निवडले ते खुर्चीवर राहिले नाहीत की त्यांच्या निवडीला वेळ देणारेही कुणी उरत नाही.

शिकवणार कोण?

गेल्या दीड-दोन दशकांत कॉलेज फुटबॉल मैदानभर पसरून, झटपट खेळला जाऊ लागला. लाइनमन हात जमिनीला न टेकवता उभे राहतात, चेंडू क्षणात हातातून सुटतो, प्रतिस्पर्ध्याला फार वेळ अडवावेच लागत नाही. असा मुलगा एनएफएलमध्ये येतो तेव्हा बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा करतो. त्याच वेळी, २०११च्या कामगार करारानंतर सरावाचे दिवस घटले. दिवसात दोनदा पूर्ण सराव बंद झाला आणि हंगामात अंगावर पॅड चढवून करायच्या सरावांची मर्यादा १४ ठरली. खेळाडूंच्या डोक्यांचे आणि सांध्यांचे रक्षण होते म्हणून हा बदल स्वागतार्ह आहे. पण धक्का देण्याघेण्याचे काम धक्क्याशिवाय शिकणे कठीण असते, आणि त्याचा सर्वाधिक फटका लाइनला बसला.

फिलाडेल्फिया ईगल्सच्या दोन निवडी या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. २०११मध्ये तेविसाव्या क्रमांकावर त्यांनी डॅनी वॉटकिन्सला घेतले. कॅनडातला अग्निशमन दलाचा हा जवान विशीत फुटबॉलकडे वळला होता आणि ड्राफ्टच्या वेळी सव्वीस वर्षांचा होता. त्या वर्षी कामगार कराराच्या वादातून झालेल्या टाळेबंदीमुळे वसंतातला सराव झालाच नाही. दोन हंगामांनी क्लबने त्याला सोडले. तो पुढे पुन्हा अग्निशमन सेवेत गेला. पण त्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९१व्या क्रमांकावर, ईगल्सनी जेसन केल्सी हा सेंटर घेतला. तीच टाळेबंदी, तोच प्रशिक्षक. केल्सी पहिल्याच सामन्यापासून खेळला आणि सहा वेळा पहिल्या ऑल-प्रो संघात निवडला जाऊन २०२४मध्ये निवृत्त झाला. म्हणजे सव्विसाव्या वर्षी अर्धवट शिकलेल्या खेळाडूवर पहिली फेरी लावणे ही मुळातच चूक होती.

आठ वर्षांनी ईगल्सनी बाविसाव्या क्रमांकापर्यंत वर सरकून वॉशिंग्टन स्टेटचा आंद्रे डिलर्ड घेतला. सतत चेंडू फेकणाऱ्या संघातून आल्यामुळे त्याची पावले हलकी होती, पण अंगात जोर कमी पडला. त्याच्याशी स्पर्धा होती जॉर्डन मायलाटाची: ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा खेळाडू, २०१८मध्ये सातव्या फेरीत २३३व्या क्रमांकावर आलेला, ज्याने त्याआधी अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. स्टाउटलँड यांनी त्याला अक्षरशः पहिल्या पावलापासून घडवले. २०२१मध्ये डाव्या टॅकलची जागा मायलाटाने जिंकली. डिलर्ड फसला, क्लबचे मात्र नुकसान झाले नाही, कारण शिकवणारा माणूस त्यांच्याकडे होता.

बफेलो बिल्सचे उदाहरणही याच जातीचे. २००२मध्ये चौथ्या क्रमांकावर त्यांनी टेक्ससचा माइक विल्यम्स घेतला. टेक्ससचा क्वार्टरबॅक क्रिस सिम्स डावखुरा, म्हणून विल्यम्सने कॉलेजात उजव्या बाजूने त्याची पाठ राखली होती. बफेलोत त्याला चार हंगाम मिळाले. त्याच क्लबने २००४मध्ये ड्राफ्टमध्ये कुणीच न घेतलेला जेसन पीटर्स नावाचा टाइट एंड उचलला आणि टॅकल म्हणून तयार केला. पीटर्स नऊ वेळा प्रो बोलला निवडला गेला.

तुलना कुणाशी करायची?

फसलेल्या निवडीची चर्चा बहुधा "त्याच्याऐवजी कोण मिळाला असता" या वाक्यावर येऊन थांबते. ॲरिझोनाने २००७मध्ये पाचव्या क्रमांकावर पेन स्टेटचा लीवाय ब्राउन घेतला आणि दोन जागांनंतर मिनेसोटाने एड्रियन पीटरसन नेला, हे ॲरिझोनाचे चाहते विसरलेले नाहीत. पण संघाला टॅकल हवा होता आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम टॅकल जो थॉमस तिसऱ्या क्रमांकावर क्लीव्हलँडला गेला होता. ब्राउनची प्रामाणिक तुलना पीटरसनशी नाही, अठ्ठाविसाव्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोने घेतलेल्या जो स्टेलीशी व्हायला हवी. त्या तुलनेत ब्राउन मागे पडतो, तरी तो नियमित खेळत राहिला आणि २००८च्या हंगामात सुपर बोलपर्यंत गेलेल्या संघाचा उजवा टॅकल होता. निकाल 'साधारण' असा लागतो, 'अपयशी' असा नाही.

जो थॉमसचे नाव दुसऱ्या अर्थानेही महत्त्वाचे आहे. लागोपाठ १०,३६३ खेळी तो मैदानात होता, हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि त्याच्या अकरा वर्षांत क्लीव्हलँडने बाद फेरीचा एकही सामना खेळला नाही. उत्तम टॅकल संघाला जिंकून देईलच असे नाही. म्हणून संघ हरत राहिला एवढ्यावरून टॅकल फसला असेही म्हणता येत नाही.

वाईट लाइनचा परिणाम मात्र थेट दिसतो. जायंट्सचे क्वार्टरबॅक २०२३मध्ये ८५ वेळा पाडले गेले. लीगच्या इतिहासात यापेक्षा मोठा आकडा फक्त १९८६च्या ईगल्सचा, १०४. त्या जायंट्सच्या उजव्या कडेसाठी २०२२मध्ये सातव्या क्रमांकावर इव्हान नीलला घेतले होते. अलाबामात त्याने तीन वर्षांत तीन वेगवेगळ्या जागा खेळल्या होत्या. आधी गुडघा, मग घोटा, आणि सुट्या जागेत वेगवान रशरसमोर होणारी धांदल. २०२५मध्ये क्लबने त्याचे पाचवे वर्ष नाकारले आणि त्याला गार्डच्या जागी सराव द्यायला घेतला. फ्लॉवर्सचा अनुभव याच क्लबच्या पदरी असताना हा प्रयोग पहिल्या दोन वर्षांत का झाला नाही, याचे उत्तर जायंट्सच्या व्यवस्थापनाने द्यायला हवे.

कोण कोणत्या यादीत

एवढे सगळे समोर ठेवून निवाडा करायचा तर तो असा होतो. कूपर आणि शेरॉड यांना फसलेल्यांच्या यादीतून काढावे. पाय मोडणे हा दैवाचा भाग होता. क्रिस विल्यम्स आणि ओग्बुएही यांच्या निवडीत धोका दिसत असताना घेतला गेला, म्हणून दोष क्लबांच्या वाट्याला. गॅलरी, फ्लॉवर्स आणि बेक्टन यांची कुवत खरी होती, जागा चुकली. पहिल्या दहा-अकरा क्रमांकांची किंमत गार्डसाठी मोजली गेली एवढाच त्यांच्यावरचा आक्षेप. डॅलसने २०१४मध्ये सोळाव्या क्रमांकावर झॅक मार्टिन घेतला तेव्हा कॉलेजातल्या या डाव्या टॅकलला पहिल्याच दिवशी गार्ड केले. नऊ प्रो बोल हे त्या निर्णयाचे फळ. फिशर, बोल्स, मिलर आणि अँड्र्यू थॉमस फसलेल्यांच्या यादीत कधीच नसावेत.

उरतात ते खरे अपयशी. विल्सन स्वतःच्या वागण्याने, मँडरिच व्यसनाने आणि अवाजवी कौतुकाने, माइक विल्यम्स, वॉटकिन्स आणि डिलर्ड एनएफएलच्या पातळीवर न पोचल्याने. जोकल आणि जेसन स्मिथ यांच्यात दुखापत आणि क्लबची धरसोड यांचा वाटा समसमान. आणि क्लबच्या दृष्टीने सर्वांत महाग पडलेली निवड ग्रेग रॉबिन्सनची: वॉशिंग्टनशी केलेल्या सौद्यातली शेवटची मोठी ठेव त्याच्यावर लावली गेली, त्याच्यामागे जेक मॅथ्यूज, टेलर लेवान आणि मार्टिन हे तीन उत्तम लाइनमन पहिल्या सोळांत उपलब्ध होते, आणि त्याला जे येत नव्हते ते त्याच्या कॉलेजातल्या प्रत्येक सामन्यात उघड दिसत होते. रॅम्सच्या निवडकर्त्यांनी वजन आणि वेग पाहिला, पासच्या वेळची त्याची पावले पाहूनही बाजूला ठेवली. पुढच्या एप्रिलमध्ये एखादा क्लब तीनशे तीस पाउंडांच्या वेगवान मुलासाठी वर सरकायला निघेल, तेव्हा तपासायच्या तीन गोष्टी आधीच माहीत आहेत: त्याने कॉलेजात मागे सरकत किती वेळा अडवले, आपल्याकडे त्याला शिकवणारा लाइनचा प्रशिक्षक पुढची तीन वर्षे राहणार आहे का, आणि टॅकल म्हणून जमले नाही तर दुसऱ्याच हंगामात गार्ड करण्याची तयारी आहे का.